पकडलं जाण्याची शक्यता

१९८० साली पश्चिम जर्मनीत वाहतुकीच्या एका नियमाला दात आले. मोटारसायकलवर हेल्मेट सक्तीचं होतं ते आधीपासूनच, पण न घालणाऱ्याला दंड नव्हता. त्या वर्षी तो सुरू झाला. अपघातात डोकी फुटू नयेत एवढाच त्यामागचा हेतू. पण पुढच्या सहा वर्षांत तिथे चोरीला जाणाऱ्या मोटारसायकलींचा आकडा वर्षाला दीड लाखाच्या आसपास होता तो ५४ हजारांच्या आसपास आला. मोटारसायकल चोरीची शिक्षा कोणी वाढवली नव्हती, त्यासाठी वेगळं पोलिस पथकही नेमलं नव्हतं.

पॅट मेह्यू आणि रोनाल्ड क्लार्क या गुन्हेशास्त्रज्ञांनी आपल्या सहकाऱ्यासह १९८९ मध्ये या घसरणीचा उलगडा मांडला. बहुतेक मोटारसायकली कट करून चोरल्या जात नव्हत्या. रस्त्याकडेला गाडी उभी दिसली, आसपास कोणी नाही, मनात आलं आणि उडवली, असा तो प्रकार होता. अशा माणसाच्या हातात हेल्मेट कुठून असणार? आणि दंड सुरू झाल्यावर उघड्या डोक्याने गाडी हाकणारा पहिल्याच पोलिसाच्या नजरेत भरायचा. गुन्हा केल्यावर पुढच्या दहा मिनिटांत अडवलं जाण्याची धास्ती निर्माण झाली आणि तेवढ्याने काम झालं. मोटारी किंवा सायकलींच्या चोऱ्याही त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. म्हणजे मोटारसायकल सोडून चोर दुसरीकडे वळले, असंही फारसं घडलं नाही.

माणूस गुन्हा करताना मनात काय जोखतो, हा प्रश्न या उदाहरणात अगदी स्वच्छ दिसतो. आपल्याकडे कुठलाही भयंकर गुन्हा घडला की मागणी एकच असते: शिक्षा वाढवा. त्या मागणीमागचा संताप खरा असतो आणि त्याचा मान राखलाच पाहिजे. पण शिक्षा वाढवल्याने पुढचा गुन्हा टळतो का, याचं उत्तर संतापातून मिळत नाही. ते शोधण्याचं काम गेली पाच-सहा दशकं अर्थशास्त्रज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि गुन्हेशास्त्रज्ञ करत आले आहेत, आणि त्यांच्या हाती जे लागलं आहे ते आपल्या कायदेमंडळांच्या सवयीच्या बरंच विरुद्ध जाणारं आहे.

आधुनिक काळात याची सुरुवात गॅरी बेकर यांच्यापासून धरतात. १९६० च्या दशकात ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकवत होते. एका विद्यार्थ्याच्या तोंडी परीक्षेला उशीर होत होता. गाडी पैसे भरून दूरच्या वाहनतळावर लावायची की मनाई असलेल्या रस्त्यावर? त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला: पकडलं जाण्याची शक्यता किती, दंड किती, वाचणारा वेळ किती मोलाचा. गाडी रस्त्यावरच लावली. परीक्षेच्या खोलीकडे चालत जाताना त्यांच्या मनात आलं की दंड ठरवणारे अधिकारीही असाच हिशेब करत असतील. १९६८ साली त्यांचा ‘गुन्हा आणि शिक्षा’ या विषयावरचा प्रबंध प्रसिद्ध झाला आणि १९९२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, त्यात या कामाचाही वाटा होता.

बेकर यांचं मोठेपण कशात आहे? गुन्हेगार ही माणसांची वेगळी जात आहे, त्यांचं रक्तच वेगळं आहे, अशी समजूत दीर्घकाळ चालत आली होती. आपल्याकडे तर इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून अख्ख्या जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. महाराष्ट्रातल्या पारधी वस्त्यांवर त्या शिक्क्याची सावली आजही आहे. बेकर यांनी सांगितलं की गुन्हेगार हा तुमच्या-आमच्यासारखाच फायदा-तोटा पाहणारा माणूस आहे. परिस्थिती बदलली तर त्याचा निर्णय बदलेल. हा विचार माणुसकीचा आहे, आणि बेकर यांच्या सूत्रावर पुढे जी टीका करायची आहे ती हे ऋण मान्य करूनच.

सूत्र असं: पकडलं जाण्याची शक्यता गुणिले शिक्षा. हा गुणाकार फायद्यापेक्षा मोठा असेल तर माणूस गुन्हा करणार नाही. आता शंभरात दहा वेळा पकडून पाचशे रुपये दंड केला काय, किंवा शंभरात एकदा पकडून पाच हजार केला काय, सरासरी पन्नासच येते. मग सरकारने कोणता मार्ग धरावा? पोलिस नेमायला पगार लागतो, प्रयोगशाळा उभारायला पैसा लागतो, कोर्टात न्यायाधीश लागतात. कायद्याच्या पुस्तकात एक शून्य वाढवायला काहीच लागत नाही. कागदावर दोन्ही मार्ग सारखे आणि दुसरा जवळजवळ फुकट. जगभरच्या सरकारांना हा फुकटचा मार्ग आवडतो यात आश्चर्य नाही. खुद्द बेकर यांच्या प्रबंधातही मात्र एक नोंद आहे की शिक्षा वाढवण्यापेक्षा पकडलं जाण्याची शक्यता वाढवल्याचा परिणाम जास्त होतो, असं अनुभवी लोकांचं मत आहे.

ते मत जुनं आहे. मिलानच्या चेझारे बेक्कारिया यांनी १७६४ साली, वयाच्या पंचविशी-सव्विशीत, एक छोटं पुस्तक आधी निनावीच छापलं. त्यात त्यांचं म्हणणं होतं की सौम्य पण अटळ शिक्षेचा वचक, सुटकेची आशा शिल्लक ठेवणाऱ्या भयंकर शिक्षेपेक्षा मोठा असतो. त्यांच्या बोलण्याचा पुरावा इंग्लंडमध्ये तयार होत होता. अठराव्या शतकाअखेर तिथे दोनशेच्या वर गुन्ह्यांना फाशी होती. खिसा कापून एक शिलिंगाहून जास्त किमतीचा ऐवज मारला तरी फाशी. राहत्या घरातून चाळीस शिलिंगांचा ऐवज चोरला तरी फाशी. मग ज्युरीतली साधी माणसं काय करायची? चोरीचा माल उघड उघड जास्त किमतीचा असला तरी शपथेवर त्याची किंमत एकोणचाळीस शिलिंग ठरवायची. अनेक फिर्यादी तर कोर्टातच जात नसत, कारण एका भांड्यापायी कोणाचा जीव घेण्याचं पाप त्यांना नको असे. शेवटी सॅम्युअल रॉमिली यांनी १८०८ मध्ये खिसेकापूंची फाशी रद्द करून घेतली, तेव्हा त्यांचा युक्तिवाद हाच होता.

बेकर यांच्या गुणाकारातली पहिली फट इथे आहे. शक्यता आणि शिक्षा या दोन सुट्या किल्ल्या असून हवी ती फिरवता येते, असं सूत्र धरून चालतं. प्रत्यक्षात शिक्षा वाढवली की शक्यता खाली येते, कारण शिक्षा अमलात आणणारीही माणसंच असतात. मोटार वाहन कायद्यातली दुरुस्ती सप्टेंबर २०१९ पासून लागू झाली. विनाहेल्मेट दंड १०० चा १००० झाला, विनापरवाना गाडी चालवण्याचा ५०० चा ५०००, दारू पिऊन गाडी चालवण्याचा २००० चा १०,०००. काही दिवसांतच गुजरातने दंड उतरवले. महाराष्ट्राने तर अंमलबजावणीच थांबवली. आपल्याकडे सुधारित दंड आले ते डिसेंबर २०२१ मध्ये. आणि चौकाचौकात काय होतं ते दुचाकी चालवणारा प्रत्येक जण जाणतो. शंभराची पावती असते तेव्हा माणूस कुरकुरत पावती घेतो. पावती हजारांत गेली की मधला मार्ग काढण्याचा मोह दोन्ही बाजूंना होतो. चिरीमिरीचा भाव पावतीच्या आकड्यावर ठरतो.

दुसरी फट मनात आहे. माणूस शक्यता जोखतो कशी?

डॅनियल काहनेमन आणि ॲमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ साली दाखवलं की कागदावर लिहून दिलेली अगदी लहान शक्यता माणसाला असते त्याहून मोठी वाटते. लॉटरीचं तिकीट खपतं ते याच बळावर. यावरून कोणी म्हणेल, मग हजारात एकाला जबर शिक्षा करा, लोक घाबरतील. पण पंचवीस वर्षांनी, २००४ मध्ये, राल्फ हर्टविग आणि सहकाऱ्यांनी या चित्राची दुसरी बाजू पुढे आणली. शक्यता कोणी सांगितलेली नसते, माणूस ती स्वतःच्या अनुभवातून शिकतो, तेव्हा नेमकं उलट घडतं. क्वचित घडणारी गोष्ट त्याच्या हिशेबातून जवळजवळ गळून जाते.

गुन्हे करणारा अनुभवातूनच शिकतो. पहिल्यांदा सिग्नल तोडताना छाती धडधडते. काही होत नाही. दुसऱ्यांदा कमी धडधडते. महिनाभरात ती सवय होते आणि कायद्याच्या पुस्तकातला आकडा पाचशे आहे की पाच हजार, याच्याशी त्याचा काही संबंध उरत नाही. जे कधी गुन्हा करणारच नाहीत, अशा आपल्यासारख्या पेपर वाचणाऱ्यांना मात्र शिक्षेचा आकडा मोठा दिसतो, कारण आपल्याला तो फक्त वाचूनच ठाऊक असतो. कडक शिक्षेच्या घोषणेने समाधान होतं ते आपलं, आणि वचक बसायला हवा तो दुसऱ्याच कोणावर. मला या सगळ्या संशोधनातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते.

ब्रिटनमध्ये हे मोठ्या प्रमाणावर घडलेलं आहे. ऑक्टोबर १९६७ मध्ये तिथे श्वासातून दारू तपासण्याचा कायदा लागू झाला. वाहतूकमंत्री बार्बरा कॅसल यांनी त्याचा प्रचंड गाजावाजा केला होता. शनिवार-रविवारच्या रात्रींचे अपघात झपाट्याने खाली आले. कायदा परिणामकारक ठरला, असं सगळ्यांनी मानलं. पण लॉरेन्स रॉस यांनी पुढच्या काही वर्षांचे आकडे मांडले तेव्हा रेघ हळूहळू परत वर चढताना दिसली. कायदा तोच, शिक्षा तीच. पण तपासणी फार थोड्यांची होते, हे लोकांना हळूहळू कळलं होतं.

मग अनुभवातून शिकणाऱ्या माणसाला शिकूच द्यायचं नाही, अशी काही सोय करता येईल का? याचं सुंदर उत्तर आपल्याच देशात मिळालं. अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो, डॅनियल केनिस्टन आणि राजस्थानच्या पोलिस अधिकारी नीना सिंह यांनी राजस्थान पोलिसांबरोबर एक मोठा प्रयोग केला. (बॅनर्जी यांचा जन्म मुंबईचा, आई निर्मला माहेरच्या पाटणकर. २०१९ चं नोबेल त्यांना आणि दुफ्लो यांना मायकेल क्रेमर यांच्यासह मिळालं.) मद्यपी चालकांसाठी रात्रीची नाकाबंदी करायची होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी पोलिस ठाण्यांची गटवार विभागणी केली. काही ठाण्यांच्या हद्दीत नाकाबंदी रोज त्याच एका जागी, तीही सर्वांत मोक्याच्या. काही ठिकाणी ती तीन जागांमध्ये आलटून पालटून. उरलेल्या ठिकाणी नेहमीसारखं.

मोक्याच्या एकाच जागी उभं राहणं सर्वांत शहाणपणाचं वाटतं, कारण जास्तीत जास्त गाड्या तिथूनच जातात. पण त्या ठाण्यांत अपघातांवर लक्षात येण्याजोगा परिणाम झालाच नाही. जागा बदलणाऱ्या नाकाबंदीने मात्र रात्रीचे अपघात १७ टक्क्यांनी आणि रात्रीचे मृत्यू २५ टक्क्यांनी कमी केले. एकाच जागी उभं राहिलं की चालक दोन-चार दिवसांत ती जागा शिकतो आणि आडरस्त्याने निघून जातो. जागा बदलत राहिली की शिकायला काही हाती लागत नाही. पुण्यात नाहीतर नाशकात एखाद्या चौकात मामा कुठल्या झाडाखाली उभे असतात हे रोजच्या दुचाकीस्वाराला पाठ असतं. चौक यायच्या आधी कोपरावर अडकवलेलं हेल्मेट डोक्यावर चढतं आणि चौक गेला की उतरतं. इथे दंडाची रक्कम दुप्पट केली तरी हेल्मेट त्याच झाडापर्यंत डोक्यावर राहील. राजस्थानातल्या प्रयोगात दंडाचा एक रुपया वाढवला नव्हता.

तिसरी गोष्ट काळाची. माणसाच्या मनात आज आणि उद्या यांच्यात फार मोठं अंतर असतं, तेरा वर्षं आणि चौदा वर्षं यांच्यात जवळजवळ नसतं. वीस वर्षांची शिक्षा दहाच्या दुप्पट आहे ती कॅलेंडरवर. गुन्ह्याच्या क्षणी त्या माणसाला दोन्ही धूसरच दिसतात, कारण जास्तीची दहा वर्षं सुरू व्हायची ती आणखी दहा वर्षांनी. डेव्हिड ली आणि जस्टिन मॅक्रेरी यांनी फ्लोरिडातल्या मुलांच्या अटकांच्या नोंदी तपासल्या. अठरावा वाढदिवस उलटला की बालन्यायालय संपतं आणि प्रौढांच्या, बऱ्याच कडक शिक्षा लागू होतात. शिक्षेचा धाक काम करत असेल तर त्या वाढदिवसानंतरच्या आठवड्यात गुन्हे खाडकन खाली यायला हवेत. पण तसा कडा दिसतच नाही. घट होती ती नगण्य.

हवाईतले न्यायाधीश स्टीव्हन ॲल्म यांनी २००४ साली यावर एक तोडगा काढला. तिथे शिक्षेऐवजी देखरेखीवर सोडलेली माणसं अंमली पदार्थांच्या तपासणीला वारंवार चुकायची. दहा वेळा काहीच व्हायचं नाही आणि अकराव्या वेळी एकदम काही वर्षांचा तुरुंग. ॲल्म यांनी ठरवलं की पहिल्याच चुकीला लगेच तुरुंग, पण थोड्याच दिवसांचा. २००९ च्या मूल्यमापनात निकाल चकित करणारे होते: नव्या गुन्ह्यात अटक होण्याचं प्रमाण निम्म्याहून खाली. अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी हा नमुना उचलला. पण चार ठिकाणी काटेकोर चाचणी करून २०१६ मध्ये निकाल आले तेव्हा जुन्या पद्धतीत आणि नव्या पद्धतीत एकूण फारसा फरक आढळला नाही. हे सांगणं आवश्यक आहे, कारण वर्तनशास्त्रातले सोपे तोडगे फार लवकर डोक्यावर घेतले जातात. व्यसनाने ग्रासलेल्या माणसाचा प्रश्न नुसत्या झटपट शिक्षेने सुटत नसावा. हवाईत कदाचित ॲल्म यांचं व्यक्तिमत्त्व आणि तिथली उपचारांची सोय यांचाही हात असेल. तत्परतेचा नियम मोडीत निघाला असं मी म्हणणार नाही, पण कुठे चालतो आणि कुठे नाही हे ठिकाणागणिक तपासावं लागतं.

आपल्याकडच्या ई-चलनाचं उदाहरण या बाबतीत बोलकं आहे. कॅमेऱ्याने पकडलं जाण्याची शक्यता खरोखर वाढवली. पण वसुली मागे राहिली. चलनाचा संदेश मोबाइलवर येऊन पडतो, त्या दिवशी काहीच घडत नाही, पुढच्या महिन्यातही नाही, आणि थकबाकी साचत जाते. तेलंगणाने २०२२ मध्ये दुचाकींच्या थकीत चलनांवर ७५ टक्के सूट दिली, कर्नाटकाने २०२३ मध्ये ५० टक्के. लोकांनी रांगा लावून पैसे भरले, तिजोरीत रक्कम आली. पण त्या रांगेतल्या प्रत्येकाला आणि त्याच्या शेजाऱ्यालाही अनुभवातून एक धडा मिळाला: थांबणाऱ्याचा फायदा होतो. ज्याने पहिल्याच आठवड्यात पूर्ण दंड भरला होता त्याच्यावर हा अन्याय होता आणि पुढच्या वेळी तोही थांबणार.

आता थोडं उलट्या बाजूने. दंड लावल्याने गैरवर्तन वाढूही शकतं. इस्रायलमधल्या हैफा शहरात उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी यांनी दहा पाळणाघरांत प्रयोग केला. मुलांना न्यायला पालक उशिरा यायचे. सहा पाळणाघरांत दहा मिनिटांहून जास्त उशिराला १० शेकेल दंड सुरू केला. उशीर कमी व्हायला हवा होता, तो हळूहळू वाढत जवळजवळ दुप्पट झाला. आधी पालकांना बाईंना ताटकळत ठेवल्याची लाज वाटायची. दंड आला आणि ती लाज पैशांत फिटली. पुढे दंड काढून घेतला तरी उशीर तसाच राहिला. एकदा मोडलेली भीड परत आली नाही. सगळ्या नियमांना हे लागू नाही, पण ज्या गोष्टी लोक आपणहून चांगुलपणाने पाळतात त्यांना फुटकळ दंड लावण्याआधी दहादा विचार करावा, एवढं यातून नक्की निघतं.

भीड आणि धाक या दोहोंचं मोजमाप एकत्र कुठे सापडत असेल तर ते न्यूयॉर्कमधल्या परदेशी वकिलातींच्या गाड्यांत. रेमंड फिस्मन आणि एडवर्ड मिगेल यांनी त्यांची १९९७ ते २००२ या काळातली पार्किंगची चलनं तपासली. राजनैतिक संरक्षणामुळे दंड भरायची सक्ती नव्हती. धाक शून्य, मग सगळे सारखेच वागायला हवेत. पण नॉर्वे आणि स्वीडनच्या अधिकाऱ्यांच्या नावावर एकही न भरलेलं चलन नव्हतं आणि कुवेतच्या प्रत्येक अधिकाऱ्यामागे वर्षाला सुमारे २४६ होती. प्रत्येक जण आपल्या देशातली वागण्याची रीत सोबत घेऊन आला होता. मग २००२ मध्ये नियम बदलला, चलनं थकली तर गाडीची खास पाटी काढून घेण्याचा अधिकार शहराला मिळाला. न भरलेली चलनं सुमारे ९८ टक्क्यांनी घटली. संस्कार महत्त्वाचे असतात आणि खात्रीची, छोटी, लगेच जाणवणारी कारवाई त्यांची उणीव बरीच भरून काढते, या दोन्ही गोष्टी एकाच आकडेवारीत आहेत.

इथवर आपण हिशेब करणाऱ्या माणसाबद्दलच बोललो. हिशेब वाकडा असेल, घाईचा असेल, पण होता. मारामाऱ्या, भोसकाभोसकी, दारूच्या टेबलावरून पेटलेला खून, यांत तो असतो का? शिकागोच्या गरीब वस्त्यांतल्या शाळकरी मुलांसाठी चाललेल्या एका कार्यक्रमातला खेळ इथे सांगण्यासारखा आहे. मुलांच्या जोड्या लावतात. एकाच्या मुठीत चेंडू देतात आणि दुसऱ्याला सांगतात, तीस सेकंदांत तो मिळव. खोलीभर झोंबाझोंबी होते, बोटं पिरगाळली जातात. वेळ संपल्यावर शिक्षक विचारतात, कोणी नुसता मागून का पाहिला नाही? मुलं म्हणतात, मागून तो देणार थोडाच! मग चेंडूवाल्याला विचारतात, मागितला असता तर दिला असतास का? बहुतेक जण म्हणतात, दिला असता, एका चेंडूचं काय मोठं.

त्या मुलांच्या मोहल्ल्यात पहिल्या चिथावणीला हात उगारणं ही जगण्याची रीत आहे. न उगारणारा उद्या पुन्हा लुटला जातो. ती प्रतिक्रिया इतकी आपोआप होते की विचाराला जागाच राहत नाही. कार्यक्रमाने त्यांना नीतिपाठ दिले नाहीत, क्षणभर थांबून ‘हा प्रसंग नक्की कसला आहे’ एवढं विचारायची सवय लावली. सारा हेलर, जेन्स लुडविग, सेंधिल मुल्लैनाथन आणि सहकाऱ्यांनी केलेल्या चाचण्यांत कार्यक्रम चालू असतानाच्या काळात हिंसक गुन्ह्यांसाठी होणाऱ्या अटका ४५ ते ५० टक्क्यांनी कमी झाल्या. लायबेरियाच्या मनरोव्हिया शहरात क्रिस्टोफर ब्लॅटमन आणि सहकाऱ्यांनी ९९९ रस्त्यावरच्या, गुन्ह्यांत गुरफटलेल्या तरुणांबरोबर याच धर्तीवर काम केलं. काहींना आठ आठवड्यांचं समुपदेशन, काहींना २०० डॉलर रोख, काहींना दोन्ही. ज्यांना दोन्ही मिळालं त्यांच्यात सुधारणा सर्वांत जास्त टिकली, दहा वर्षांनंतरही. नवी सवय लागली आणि ती टिकवायला थोडी मोकळीकही मिळाली, असा त्याचा अर्थ मी लावतो.

मुंबईच्या वडाळ्यातली गोष्ट याच विचाराची आहे. रूळ ओलांडणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. प्राण जाण्याची शिक्षा तर त्याहून किती मोठी! तरीही २००९ च्या सुमारास उपनगरी रेल्वेवर रोज सरासरी दहाच्या आसपास माणसं मरत होती. मरणाने जे थांबत नाहीत ते हजार रुपयांनी थांबणार नाहीत. फायनलमाइल या मुंबईच्या संस्थेने तेव्हा वडाळ्याला तीन साधे बदल केले. ठरावीक अंतराने रुळांखालचे स्लीपर पिवळे रंगवले, कारण मोठी वस्तू असते त्यापेक्षा सावकाश येतेय असं डोळ्याला भासतं, आणि पट्टे एकामागून एक झाकले जाऊ लागले की वेग कळतो. गाडीची लांब शिट्टी कानाआड होते, म्हणून दोन तुटक शिट्ट्या सुरू केल्या. आणि सूचनाफलकाऐवजी अंगावर येणाऱ्या गाडीसमोर किंचाळणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याचं चित्र लावलं. तिथले मृत्यू लक्षणीय घटले. ओलांडणारे मूर्ख होते किंवा बेपर्वा होते, असं मानून हे सुचलं नसतं. त्यांचे डोळे आणि कान त्यांना फसवत होते हे कोणीतरी तिथे उभं राहून पाहिलं, म्हणून सुचलं.

ज्या गुन्ह्यांमुळे ही चर्चा दर वेळी पेटते, तिथे हे सगळं काय सांगतं? डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांची समिती नेमली गेली. तिच्याकडे वळण्याआधी दोन आकडे पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०१९ च्या आकडेवारीत बलात्काराच्या खटल्यांत दोषसिद्धीचं प्रमाण २७.८ टक्के होतं, आणि दहापैकी नऊहून जास्त प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा होता. ओळखीचा म्हणजे शेजारी, नातेवाईक, मालक. अशा घरात फाशीची शिक्षा असलेला गुन्हा नोंदवायला त्या मुलीवर आणि तिच्या आईवर किती दडपण येत असेल, हे एकोणचाळीस शिलिंगांची कथा वाचलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. पुरावा वेळेत गोळा झाला, तपास करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी बंदोबस्ताला पाठवलं नाही, साक्षीदार फिरला नाही, तरच दोषसिद्धीचा तो आकडा हलतो. तो हलला तर ज्याच्या मनात असं काही शिजतंय त्याच्या ओळखीतला कोणीतरी खरोखर आत गेलेला त्याला दिसेल.

वर्मा समितीने आपला अहवाल २३ जानेवारी २०१३ रोजी दिला. बलात्कारासाठी फाशीची शिफारस तिने केली नाही, पोलिस सुधारणांना मात्र स्वतंत्र प्रकरण दिलं आणि सर्वोच्च न्यायालयाचे प्रकाश सिंह खटल्यातले आदेश अमलात आणायला सांगितलं. अकरा दिवसांत, ३ फेब्रुवारीला, अध्यादेश निघाला आणि त्यात काही प्रकारांसाठी फाशी होती. प्रकाश सिंह खटल्यातले आदेश २००६ चे आहेत. तपास करणारे पोलिस आणि बंदोबस्त करणारे पोलिस वेगळे करा, हा त्यांतला एक. बहुतेक राज्यांत तो पूर्णपणे अमलात आलेला नाही.